तबेल्याच्या भिंतीत अधांतरी दार कशाला?

प्रश्न : माझा भाचा वेल्समध्ये शिकायलाय, त्यानं तिथल्या जुन्या तबेल्याचा फोटो पाठवला, भाड्यानं घोडे द्यायचे म्हणे तिथं. दगडी दुमजली बांधकाम, वरच्या भिंतीत दार पण खाली जिनाच नाही! माळेगावच्या यात्रेत लहानपणापासून घोडे बघतोय पण असलं दार कुठं बघितलं नाही. – एक वाचक, लोहा (जि. नांदेड)

उत्तर : दादा, ते दार वैरणीचं. खाली गाडी उभी करायची, गवताचे भारे तिथनं थेट माळ्यावर चढवायचे आणि मग माळ्याच्या तळातल्या फटीतनं घोड्यापुढच्या जाळीत गवत पाडायचं, म्हणजे ओझं घेऊन वरखाली करायला नको. किती विचार केलाय बघा! तिकडं पाऊस फार, आपल्या कडब्याच्या गंजीसारखं उघड्यावर ठेवून भागत नाही. छप्परही म्हणूनच उतरतं, बऱ्याचदा स्लेटचं. हा दगड पातळ पापुद्र्यांत फुटतो, उत्तर वेल्समधला त्याच्या खाणींचा मुलूख २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलाय. आपलं मातीचं माळवद त्या पावसात टिकायचं नाही.

भाच्याला आत जाता आलं तर फरशी बघायला सांगा. नालीकडं उतार असतो, मूत वाहून जायला, आणि खुर घसरू नये म्हणून विटांवर खाचा. छपराच्या कण्यावर हवेची झडप आहे का तेही बघू दे, कोंडलेल्या वासानं घोड्याची छाती बिघडते. मोटारी आल्यावर असल्या कितीतरी तबेल्यांची गॅरेजं झाली, पण माळ्याचं दार बऱ्याच ठिकाणी तसंच राहिलंय.