गोळीची सवय आणि बाईंचा अडकित्ता

‘मॅडम, गोळ्यांची सवय नाही ना लागणार?’ माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, नैराश्याचं औषध सुरू झालेल्या माणसांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की कोणी तो विचारला नाही तर मलाच शंका येते. यांनी मनात उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

बाईंनी विचारला नव्हता. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळे बाईच म्हणतात, मीही. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) नैराश्यावरची एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, ३ महिने चालू, फरक जेमतेम. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते.

चौथ्या भेटीत बाईंनी पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली. आत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या! रोज रात्री अडकित्त्याने गोळी कातरायची, अर्धी घ्यायची, अर्धी डबीत. बरं वाटलं त्या दिवशी तीही नाही.

‘टाकवत नाहीत हो, पैशाच्या आहेत.’

रागवावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण विचारलं, ‘अर्धीच का?’

‘सासूबाईंना झोपेची गोळी होती. एकीच्या दोन झाल्या. संपल्या की घर डोक्यावर घ्यायच्या. आणि मलाही दोन दिवस चुकली की गरगरतं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. म्हणजे लागलीच ना सवय?’

‘बाई, एकदा तरी दोन घ्याव्याशा वाटल्या?’

‘दोन? मी तर एकीची अर्धी करते!’ म्हणाल्या आणि थबकल्या. मग हसायलाच लागल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार वर्षांनी जमलंय.

बाईंची भीती खोटी नव्हती, चुकीच्या गोळीला चिकटली होती. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी झोपेची-चिंतेची औषधं रोज, दीर्घकाळ घेतली तर शरीर त्यांना खरोखर बांधलं जातं. जुन्या चिठ्ठीवर ती घेत राहू नयेत, आणि एकदम तोडूही नयेत. नैराश्याच्या गोळीची तशी तलफ येत नाही. मात्र मेंदूने तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं, म्हणून ती अचानक थांबली की गरगरतं. बाईंचं रोजचं कमी-जास्त त्यातच भर घालत होतं.

उरला तो ‘च’. ‘गोळीशिवाय मला सावरता आलंच पाहिजे.’ मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी; ‘झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं ते सांगत. वाक्यातला असा ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. ‘सावरता आलं तर बरं’ इथवर यायला मात्र आम्हाला दोन भेटी लागल्या.

औषधाचा निर्णय माझा नव्हे. मी एवढंच सांगितलं, की डबी डॉक्टरांसमोर उघडा. अर्धी घेतली हे लपवलं, तर पूर्ण गोळी लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतात, हे मी अनेकदा पाहिलंय. या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि बरं वाटू लागल्यावरही ती साधारण किमान ६ महिने चालू ठेवतात. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. बाई गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही घ्यायच्या, तेही डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. दोन्ही एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

वाढीव डोस टळला. रोज एक अख्खी गोळी, बस्स. वर्षाच्या आत डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने उतरवायला घेतली, तेव्हा बाईंचा फोन आला.

‘आता अर्धी सांगितलीय. औषधाच्या दुकानातून कटर आणलाय. अडकित्त्याने चुराच फार व्हायचा हो.’