३०० जणांच्या १० किमी शर्यतीसाठी चिप टायमिंग घ्यावं का? आणि घेतलं तर आयोजकांनी नेमकं काय सांभाळावं?

घ्या. ५०-६० जण असते तर दोन स्टॉपवॉच आणि एक वही पुरली असती. पण १० किमीला ३०० लोक म्हणजे साधारण ५० ते ७० मिनिटांच्या दरम्यान घोळक्याघोळक्याने येणार. अशा वेळी एक जण बटण दाबतो आणि दुसरा बिब (धावणाऱ्याच्या अंगावरचा नंबराचा कागद) बघून नंबर लिहितो. एक बटण जास्त दाबलं गेलं की तिथून पुढच्या प्रत्येकाला शेजाऱ्याची वेळ लागते. हे मी टायमिंगच्या टेबलावर बसून अनुभवलंय, आणि निस्तरलंयही.

चिपचं काम साधं आहे. बिबच्या मागे चिकटवलेल्या पातळ पट्टीत बॅटरी नसते. रेषेवर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या रेडिओलहरींवरच ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. मॅटला जोडलेलं यंत्र, म्हणजे रीडर, त्या नंबरापुढे वेळ टिपतो, बस्स. बिब कोणी घातलंय हे त्याला कळत नाही. म्हणून निकालातले बहुतेक घोटाळे मॅटवर होत नाहीत, बिब वाटपाच्या टेबलावर होतात. एका शर्यतीत आमच्या महिला गटात पहिल्या आलेल्या 'बाई' बक्षीस घ्यायला आल्या तेव्हा त्यांना चांगली झुपकेदार दाढी होती. बायकोला बरं नव्हतं म्हणून नवरा तिचं बिब लावून धावला होता. तेव्हा बिब बदलायचं तर कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे आधी जाहीर करा. ती यादी एकाच माणसाच्या हातात ठेवा आणि सुरुवातीपूर्वी टायमिंगवाल्यांना शेवटची प्रत द्या.

बिब छातीवर किंवा पोटावर, समोर, न घडी घालता लावायला सांगा. आपल्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. बिब पाठीवर किंवा मांडीवर असेल, हाताखाली दाबलं असेल किंवा वर मोबाइलचा पट्टा आला असेल, तर चिप वाचली न जाण्याची शक्यता वाढते. धातूचंही तसंच. लोखंडी जाळीवर मॅट अंथरू नका.

आता वादाचा मुद्दा. बंदुकीपासून मोजलेली वेळ म्हणजे गन टाइम आणि सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची ती चिप टाइम. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत क्रमांक आणि विक्रम गन टाइमवर ठरतात, कारण शर्यत शेजारी धावणाऱ्याशी असते. मागून सुटलेला कोणी चिप टाइमवर पहिल्याला 'हरवतो' आणि फीत तोडणाऱ्याला दुसरं बक्षीस मिळतं, हे मला स्वतःला पटत नाही. पहिल्या तिघांना गन टाइम आणि बाकीच्यांच्या प्रमाणपत्रावर चिप टाइम, हे मला योग्य वाटतं. तुम्ही काहीही ठरवा, पण नोंदणीच्या पानावर लिहून ठेवा. चिप टाइम द्यायचा असेल तर सुरुवातीलाही मॅट लागते, हे बजेट करताना विसरू नका. आणि पहिल्या तिघांचा फरक इंचांचा असेल तर चिपवर विसंबू नका. क्रमांक कोणाचं धड (डोकं-हात-पाय सोडून शरीर) रेषेवर आधी पोचलं यावर ठरतो आणि चिप रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडेही वाचली जाते. तिथे व्हिडिओच कामाला येतो.

मार्ग जाऊन-परत असेल तर वळणाच्या जागी एक मॅट टाकाच. १९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ शेवटच्या टप्प्यात गर्दीतून मार्गावर शिरली आणि 'जिंकली'. आठवडाभराने तिला बाद करून जॅकलिन गॅरो यांना विजेती ठरवलं गेलं. मधल्या टप्प्यांवर तिला कोणी पाहिलंच नव्हतं. मधली मॅट हीच साक्ष देते. अर्थात तिथली एक नोंद नसली म्हणून कोणाला लगेच चोर ठरवू नका, चिप कधीकधी खरंच वाचली जात नाही. आधी त्या माणसाला विचारा, फोटो बघा.

बॅकअप म्हणून शेवटच्या रेषेनंतर काही पावलांवर दुसरी मॅट, रेषेवर रोखलेला आणि रीडरच्या घड्याळाशी जुळवलेला व्हिडिओ कॅमेरा, आणि बिब नंबर क्रमाने लिहिणारा एक शांत स्वभावाचा माणूस ठेवा. हा तिसरा सगळ्यात स्वस्त आणि वीज गेली तरी चालणारा.

शर्यत संपवलेल्यांना मॅटजवळ रेंगाळू देऊ नका, पदकं आणि पाणी चांगलं ३०-४० मीटर पुढे ठेवा. सेल्फीसाठी कोणी मॅटवर उभा राहिला की त्याची चिप पुन्हा पुन्हा वाचली जाते. सॉफ्टवेअर पहिली नोंद धरून बाकीच्या गाळतं, पण मागून येणाऱ्यांच्या वाटेत गर्दी होते ती होतेच.

टायमिंगवाल्यांना पैसे देण्याआधी एवढं विचारा: न वाचलेल्या चिपांचं काय करता, रीडरची बॅटरी किती तास टिकते आणि तक्रार आली तर कच्च्या नोंदी दाखवाल का. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसरा कोणी बघा.