रात्री दोनचा लंगोट

पुणे

प्रिय लेकीच्या बाबा,

मनापासून अभिनंदन. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तुझी माणसं चिंचवडला आणि तू हडपसरला. हे अंतर रविवारच्या भेटींनी भरून निघत नाही. रजा थोडीच असेल, तर ती बारशाच्या तयारीत घालवू नकोस. बाळ दवाखान्यातून घरी आलं की पहिले आठ-दहा दिवस तिथेच राहायला जा. अंगावर पाजणं सोडलं तर बाकी सगळं बापाला जमतं. त्यातलं एक काम मात्र पूर्ण तुझं असू दे: शी-शू. मुलगी म्हणून बरेच बाप इथेच संकोचतात आणि आजीला हाक मारतात. तू मारू नकोस.

आधी हात साबणाने धू. उकळून कोमट केलेल्या पाण्याची वाटी, कापसाचे पाच-सहा बोळे, मऊ सुती फडका आणि कोरडा लंगोट हाताशी घेऊन बस. मधेच उठावं लागलं तर बाळ पलंगावर एकटं राहतं. पुसायचं नेहमी पुढून मागे, शूच्या जागेकडून शीच्या जागेकडे. एक बोळा एकदाच, मग टाकून द्यायचा. उलटं पुसलं की शीतले जंतू लघवीच्या वाटेत जातात, आणि मुलींची ती वाट आखूड असल्यामुळे संसर्ग लवकर वर चढतो. मांड्यांच्या घड्या बोटांनी अलगद उघडून बघ, शी तिथे हमखास अडकते. शूच्या जागेच्या आतल्या बाजूला पांढरट चिकट थर दिसेल, तो खरवडायचा नाही, आपोआप जातो. मग न चोळता टिपून घे आणि दोन-तीन मिनिटं तसंच उघडं राहू दे. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. नाळ गळेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा. नाळेला हळद, तेल काहीही लावायचं नाही. कोरडी राहिली की ती एक ते तीन आठवड्यांत गळते. भोवतीची कातडी लाल झाली किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दाखव.

पहिल्या आठवड्यात लंगोटावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नकोस. आईची हार्मोन्स पोटात असताना बाळाला मिळत असतात, जन्मानंतर ती एकदम कमी होतात. त्याने मुलींना थोडा पांढरा स्राव किंवा रक्त जातं आणि काही दिवसांत थांबतं. जास्त गेलं किंवा लांबलं तर मात्र डॉक्टरांना सांग. याच हार्मोन्समुळे बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते. ती पिळून 'दूध काढायची' जुनी रीत आहे. तिला ठाम नकार दे, त्याने गळू होतं. विटकरी रंगाचा डाग मात्र वेगळा. तो रक्ताचा नसतो, दाट लघवीतल्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसला तर चालतं, पुढेही दिसत राहिला तर दूध कमी जातंय असं समज.

म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटव आणि प्रत्येक शू-शीची खूण कर. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत किमान 6 वेळा शू व्हायला हवी, आणि काळी शी तोवर पिवळी झालेली हवी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत परत जागेवर येतं. या कागदाचा मोठा उपयोग आहे. 'दूध पुरत नाहीये, गुटी चाटव, मध लाव, वरचं दूध दे' हे घरात कोणी ना कोणी म्हणणारच, आणि थकलेली बाळंतीण त्या एका वाक्याने खचते. तेव्हा तू कागद दाखव. सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. वर द्यायचं ते फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलं, म्हणजे व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज 400 युनिट.

मालिशवाल्या बाई येऊ देत, बाळ त्यानंतर छान झोपतं. फक्त नाकाकानात तेल, डोळ्यात काजळ आणि शेगडीची धुरी नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं.

लंगोट तुळशीबागेत मिळतात. पावसाळ्यात 30 तरी लागतील, कारण वाळत नाहीत. दमट लंगोट इस्त्री करूनच बांध. ढुंगण लाल झालं तर झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं. लाली घड्यांच्या आत आणि कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर ती बुरशी, तिचं मलम वेगळं.

रात्री दोनला बायको पाजून झाली की बाळ तू घे. खांद्यावर उभं धरून दहा-पंधरा मिनिटं पाठीवरून हात फिरव, ढेकर आली की लंगोट बघ, मग उताणं झोपव. उशी नको, मोहरीचीही नको. तेवढ्यात बाळंतिणीची सलग झोप सुरू झालेली असते.

जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते, आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आईवडिलांच्या नावांची अक्षरं आधारशी ताडून बघ.

सहा आठवड्यांच्या लसींना, महापालिकेच्या दवाखान्यात त्या मोफत असतात, तूही बरोबर जा. टोचल्यावर लगेच अंगावर घेतलं की रडणं लवकर थांबतं. तापाचं औषध डॉक्टर वजनावर ठरवून मिलीमध्ये लिहून देतील. ते थेंबांचं की सिरपचं, हे विचारून घे. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा 1 मिलीला 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीला 125. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट औषध पोटात जातं. आणि नुकतीच लस टोचलेली नसताना, तीन महिन्यांच्या आत 100.4 ताप दिसला, तर औषध न देता थेट दवाखाना गाठ, रात्र असली तरी.

लेकीला आणि तिच्या आईला अनेक आशीर्वाद.