एकटीने पहिल्यांदाच निघालेय, रात्री कुठं उतरू?

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची, डोंबिवलीला राहते. डिसेंबरमधे मडगावला मैत्रिणीकडे जायचंय ट्रेनने आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकटीने. एका दमात न जाता कोकणात मधे एक रात्र थांबायची फार इच्छा आहे. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी अशी तीन नावं काढलीत, त्यातलं एकही नीट बघितलेलं नाही. आईचं म्हणणं, थांबायचंच कशाला, रात्री कोकणकन्येत बस, झोप, सकाळी मडगाव. कुठं उतरू सांगा, आणि आईला काय सांगू तेही सांगा.

उत्तर : आधी आईचं. ती काही चुकीचं बोलत नाहीये गं, कोकणकन्या रात्री निघते, सकाळी मडगावला पोचवते, मधे कुठं उतरायचा प्रश्नच नाही, म्हणून तिच्या जीवाला ते बरं वाटतं. पण तुला थांबायचंच आहे तर मग रात्रीची गाडी डोक्यातून काढ, कारण कोकणकन्या रत्नागिरीला सोडते पहाटे, डिसेंबरात तेव्हा मिट्ट अंधार असतो, आणि लॉजवाले खोली देणार दुपारी. मधले सगळे तास बॅग सांभाळत वेटिंग रूममधे बसायचं, ते पहिल्याच ट्रिपला नको.

आता गावाचं. सगळेजण आधी गावाचं नाव ठरवतात आणि मग गाडी शोधतात, मी म्हणते उलटं कर. आधी बघ की गाडी तिथं किती वाजता पोचते आणि स्टेशनपासून खोलीपर्यंत अंतर किती. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत, रूटच तसा डोंगराच्या कडेकडेने गेलाय. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, तिथून शहर सात-आठ किलोमीटर. राजापूर रोड तर राजापूरपासून खूपच लांब. नावात गाव आहे म्हणजे उतरलं की गाव लागलं असं होत नाही.

तुझ्या तीन नावांपैकी मी रत्नागिरी म्हणेन. चिपळूण छानच आहे, वाशिष्ठी आहे, परशुरामाचं देऊळ आहे, पण सकाळी निघालीस तर जेवणाच्या वेळेआधीच उतरशील आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळाच प्रवास बाकी. पुढे गुहागरला जायचं असतं तर गोष्ट वेगळी. सावंतवाडीचं मोती तलाव, चितार आळीतली लाकडी खेळणी हे सगळं माझं अतिशय आवडतं, पण तिथवर पोचलीस की गोवा दारात आलेलाच असतो, मग रात्र कशाला मोडायची. रत्नागिरी साधारण मधोमध पडतं, जिल्ह्याचं ठिकाण आहे, लॉज-हॉटेलं भरपूर आणि संध्याकाळी बाजारात बायकामाणसांची वर्दळ असते, जी मला लॉजच्या स्टार रेटिंगपेक्षा महत्त्वाची वाटते.

गाडी घे मांडवी. सकाळी सीएसएमटीहून सुटते, तुला ठाण्याला पकडता येईल, आणि दुपारी रत्नागिरीला उतरवते. लेट झाली तरी उजेड असतो, आणि लेट होणार हे धरूनच चाल कारण कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून सिंगल लाइनचा आहे, समोरून गाडी यायची असली की एखाद्या छोट्या स्टेशनात तुमची गाडी उभी राहते ती राहते. घाबरायचं नाही, खाली उतरून लांब जायचं नाही. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून जनशताब्दी घे, ती दिवसाउजेडी मडगावला पोचते. वार आणि वेळ तिकीट काढताना तपासून घे. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालवतात, त्यामुळे कुणी जुलैतल्या वेळा सांगितल्या तर त्या धरू नकोस.

तिकिटं दोन वेगवेगळी काढ, ठाणे-रत्नागिरी आणि रत्नागिरी-मडगाव. एकाच तिकिटावर मधे उतरायला ५०० किलोमीटरची अट असते, त्या भानगडीत पडूच नको. आणि रिझर्व्हेशन हल्ली ६० दिवस आधीच उघडतं, तारीख ठरली की लगेच तिकीट काढायला बस, डिसेंबरअखेरची गोव्याची गर्दी काय असते ते तुला माहितीच असेल.

उतरायची धाकधूक असते ना, स्टेशन चुकेल की काय, त्यासाठी एक खूण सांगते. संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं की लांबलचक बोगदा लागतो, करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. डब्यात अंधार होतो, कानात दडे बसल्यासारखं होतं, पोरं आरडाओरडा करतात. हा बोगदा लागला की चप्पल पायात घालायची, चार्जर काढायचा, बॅग सीटखालून ओढायची. मग भोके स्टेशन आणि मग रत्नागिरी. तिथं गाडी इतर स्टेशनांपेक्षा जरा जास्त थांबते, धावाधाव नको.

आणि हो, ह्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, फोन सारखा जाणार. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तुझा लाइव्ह लोकेशनचा ठिपका अर्धा तास एकाच जागी दिसला की ती तिकडे देव पाण्यात घालून बसेल. लाइव्हपेक्षा असं ठरव की चिपळूण, रत्नागिरी आणि खोलीत पोचल्यावर असे तीन मेसेज, बास.

खोली शहरात बघ. स्टेशन कुवारबावच्या बाजूला आहे, शहर तिथून काही किलोमीटर, बाहेर रिक्षा असतात, भाडं बसायच्या आधी विचार. खूप जण सांगतील गणपतीपुळ्याला राहा म्हणून, समुद्र आहे, एमटीडीसी आहे, सगळं खरं, पण ते २५-३० किलोमीटर लांब आणि तुला सकाळी परत स्टेशनवर यायचंय. पहिल्या रात्रीला ते नको, पुढच्या खेपेला दोन रात्री काढून जा, आरे-वारेच्या रस्त्याने.

बुकिंग ॲपवर झालं तरी लॉजला स्वतः फोन कर. स्पष्ट सांग, मी एकटी येतेय, आधार कार्ड आहे, दुपारी पोचेन. समोरचा अडखळला, 'बघू, आलात की सांगतो' म्हणाला, तर तिथं जाऊच नकोस, दुसरीकडे फोन लाव. रात्री काउंटरला कोण असतं ते विचार, फॅमिली उतरतात का ते विचार. खोलीत गेल्यावर पहिल्यांदा आतली कडी लावून बघ, नुसतं लॅच असेल आणि कडी लागत नसेल तर सामान उघडायच्या आधी खोली बदलून माग. यात भिडस्तपणा करायचा नाही, पैसे तू देतेयस.

संध्याकाळ मोकळी मिळेल. थिबा पॅलेस बघ, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं होतं, १९१० साली राजवाडा बांधला आणि १९१६ ला राजा इथंच वारला. टिळकांचं जन्मस्थान बघ. मग एखाद्या खानावळीत वेळेत जेव, मासे खात असशील तर मासे, सोलकढी सोडू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी जनशताब्दीत झोपू नकोस लगेच, रत्नागिरी सुटली की थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच, खाली बघायला हिंमत लागते.

अडचण आली तर फोन लाव, गाडीत १३९, बाहेर ११२.

प्रश्न : मला मालवणचा किल्ला बघायचाय, एकटाच जातोय. सिंधुदुर्ग स्टेशनलाच उतरून तिथं रात्र काढली तर बरं ना?

उत्तर : नाही. सिंधुदुर्ग स्टेशन ओरोसला आहे, किल्ला मालवणच्या समुद्रात, मधे चांगलं अंतर आहे, नाव वाचून बरेच जण फसतात. कुडाळला उतरा, उशीर झाला तर तिथंच राहा, सकाळी एसटीने मालवण. पावसाळ्यात जात असाल तर किल्ल्यावर जायच्या होड्या बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करा.

प्रश्न : ताई, रत्नागिरीजवळ भाट्याला आमचं घर आहे, तिथं वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. हल्ली एकट्या मुली फोन करतात. आमचे हे म्हणतात नको ती जबाबदारी, शेजारी पण विचारतात. काय करावं?

उत्तर : वहिनी, द्या खोली, मनापासून सांगते. वरचं पत्र वाचलंत ना, अशा मुलीला कुणाच्या घरात, बाईमाणूस असलेल्या ठिकाणी राहायला मिळालं तर तिच्या आईलाही झोप लागेल. आधार कार्डाची झेरॉक्स घ्या, घरच्या कुणाचा तरी नंबर लिहून घ्या. शेजाऱ्यांना सांगा पाहुणी आहे. फक्त 'एकट्याच आलात?' हे घरातल्या प्रत्येकाने एकेकदा विचारू नका, तिला अवघडल्यासारखं होतं. वरच्या जिन्याचा दिवा रात्रभर चालू ठेवा, खोलीला आतून घट्ट कडी बसवा, जेवण किती वाजता ते आल्याआल्या सांगा. आणि सकाळची गाडी असेल तर तुमच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, भाट्यातून ऐनवेळी रिक्षा मिळेलच असं नाही.