दात आधी, प्राणी नंतर

प्रश्न: कोनोडोंट म्हणजे नेमकं काय? मासा की किडा?

कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला एक प्राणी. नावाचा अर्थ 'शंकूसारखा दात', आणि सव्वाशे वर्षं आपल्या हाती तेवढेच होते. जीवाश्मांचे अभ्यासक ख्रिश्चन पँडर यांनी १८५६ मध्ये हे इवलेसे दात माशांचे म्हणून नोंदवले. पुढे कोणी ते किड्यांचे जबडे ठरवले, तर कोणी चक्क वनस्पतींचे अवशेष! १९७३ मध्ये अमेरिकेतल्या माँटानातल्या एका जीवाश्मात हे दात सापडले आणि 'मिळाला एकदाचा' असं वाटलं. पण ते दात होते त्याच्या पोटात. तो कोनोडोंट नव्हताच, कोनोडोंट खाणारा होता.

खरा प्राणी भेटला स्कॉटलंडमधल्या एडिंबराजवळच्या ग्रँटनच्या खडकातून. जीवाश्मशास्त्रज्ञ यूअन क्लार्कसन संग्रहातले दगड चाळत होते, तेव्हा एका दगडावर जेमतेम चार सेंटिमीटरची पुसट रेघ दिसली. तिच्या एका टोकाला तेच दात होते. १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

प्रश्न: मग आपल्याशी त्याचं नातं काय?

शरीर वाम माशासारखं लांबट, डोळे मोठे, शेपटीला पर, 'व्ही' आकाराचे स्नायू आणि पाठीत पृष्ठरज्जू, म्हणजे शरीराला आधार देणारी लवचिक दांडी. तेव्हा समपृष्ठरज्जू प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याच, घराण्यातला, एवढं पक्कं. तो पृष्ठवंशीयांमध्ये (पाठीचा कणा असलेल्यांत) नेमका कुठे बसतो, यावर भांडणं चालू आहेत. मी त्याला बिनजबड्याच्या लँप्री माशाच्या आसपास बसवतो. आपले दात मात्र त्याच्याकडून आलेले नाहीत. त्याच्या दातांवरचं इनॅमलसारखं आवरण स्वतंत्रपणे उत्क्रांत झालं, असं २०१३ मधल्या संशोधनात दिसलं.

प्रश्न: एवढे बारीक दात दगडातून काढता कसे?

छिन्नीने नाही. चुनखडीचे तुकडे सौम्य ॲसिटिक आम्लात ठेवायचे. चुनखडी विरघळते, पण दात कॅल्शियम फॉस्फेटचे असल्यामुळे टिकतात. उरलेला गाळ चाळणीतून धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दाणा उचलायचा. बहुतेक दात एक मिलिमीटरच्या आतबाहेरचे. जोरात शिंकलात तर दिवसभराची मेहनत उडालीच.

प्रश्न: तेल शोधणाऱ्यांना यांचं काय कौतुक?

रंगाचं. दातांच्या थरांत सेंद्रिय द्रव्य अडकलेलं असतं आणि खडक जमिनीखाली तापला की ते करपतं. साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत दात फिकट पिवळा राहतो. मग तो तपकिरी होत जातो आणि ३०० अंशांच्या पुढे काळाकुट्ट. त्याहून तापला, तर उलट पांढरा पडतो. गेलेला रंग परत येत नाही. त्यामुळे काळे दात दिसले की तिथलं तेल केव्हाच जळून गेलं असणार, हे विहीर न खणता कळतं. भूवैज्ञानिक अनिता हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये याची मोजपट्टीच बनवली. इतकं स्वस्त तापमापक मला तरी दुसरं ठाऊक नाही.

प्रश्न: ते नामशेष कधी झाले?

ट्रायासिक या भूवैज्ञानिक कालखंडाच्या शेवटी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीचा, पर्मियन कालखंडाच्या अखेरचा महाविनाश त्यांनी पचवला होता. चीनमधल्या मेइशान इथे ट्रायासिकचा आरंभ ठरवला आहे, तोही हिंडिओडस पार्वस या कोनोडोंटचा दात पहिल्यांदा दिसतो त्या थरावरूनच.