व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये लेअरचा काही भाग न खोडता कसा लपवायचा? मास्क लावला की माझं सगळं चित्रच गायब होतं.

सगळं गायब होण्याचं कारण बहुधा मास्कसाठी वापरलेल्या आकाराच्या रंगात आहे. मास्कमध्ये पांढरं ते दिसतं, काळं ते लपतं, करडं ते अर्धवट पारदर्शक होतं. शिवाय त्या आकाराच्या बाहेर जे काही आहे तेही लपतं. म्हणजे नको असलेल्या भागावर काळा चौकोन ठेवून थेट मास्क लावला, तर चौकोनाच्या आतलं काळ्यामुळे जातं आणि बाहेरचं मास्क संपला म्हणून जातं.

इंकस्केपमध्ये हे असं करा. पूर्ण चित्र झाकेल एवढा पांढरा आयत काढा, स्ट्रोक (आकाराभोवतीची रंगीत रेष) नको. त्यावर नको असलेल्या भागाच्या जागी काळा आकार ठेवा. दोन्ही निवडून कंट्रोल+जी ने ग्रुप करा. मग हा ग्रुप आणि खालचं चित्र एकत्र निवडून ऑब्जेक्ट > मास्क > सेट मास्क. इलस्ट्रेटरमध्ये पांढरा आयत लागत नाही: वरचा काळा आकार आणि चित्र निवडा, ट्रान्सपरन्सी पॅनलमध्ये मेक मास्क दाबा आणि तिथली ‘क्लिप’ची खूण काढा. ती खूण असते तोवर आकाराबाहेरचा सगळा भाग काळा धरला जातो.

रंगीत आकार मास्क म्हणून वापरू नका. एसव्हीजीमध्ये (इंकस्केप वापरतं त्या व्हेक्टर फाइल प्रकारात) मास्क रंगाची उजळता मोजतो आणि त्यात तिन्ही रंगांचं वजन सारखं नसतं: शुद्ध हिरव्यातून सुमारे ७१ टक्के चित्र दिसतं, लालमधून २१, निळ्यातून जेमतेम ७. डोळ्यांना तिन्ही सारखेच भडक वाटतात, म्हणून ‘चित्र फिकं का झालं’ हे लवकर ध्यानात येत नाही.

पण त्याआधी एक विचारा: मास्क खरंच हवा आहे का? कडा धारदार हवी असेल तर क्लिप (एका आकाराच्या आतलंच चित्र दाखवणारी सोय) वापरा. क्लिप फक्त आकाराची बाह्यरेषा बघते, रंगाशी तिला देणंघेणं नाही, त्यामुळे वरचा घोटाळा होतच नाही. फाइलही हलकी राहते. मास्क राखून ठेवावा तो कडा विरघळवायची असेल तेव्हा, म्हणजे पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट किंवा ब्लर केलेला पांढरा आकार. क्लिपच्या आकाराला ब्लर दिला तर काहीच फरक पडत नाही. मास्कच्या आकाराला दिला तर कडा मऊ होते.

क्लिपसाठी इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट > क्लिप > सेट क्लिप, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+७. सोडवायला इंकस्केपच्या त्याच मेनूत रिलीज, इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट+कंट्रोल+७. दोन्हींत सर्वांत वरचा आकार कापणारा ठरतो. फिग्मात मात्र उलटं: मास्कचा आकार खाली असतो आणि त्याच्या वरचे लेअर कापले जातात. एका सॉफ्टवेअरची सवय दुसऱ्यात नेली की इथेच गडबड होते.

इंकस्केपमध्ये खालच्या वस्तू आधी ग्रुप करा, मगच क्लिप लावा. मूळ सेटिंगमध्ये निवडलेल्या प्रत्येक वस्तूला वेगळी क्लिप लागते. नंतर क्लिपचा आकार बदलायचा झाला तर एकेका वस्तूत जाऊन बदलावा लागतो. इलस्ट्रेटरमध्ये अख्खा लेअर कापायचा असेल तर कापणारा आकार त्या लेअरमध्ये सर्वांत वर न्या, लेअर्स पॅनलमध्ये लेअरच्या नावावर क्लिक करा आणि पॅनलच्या तळाचं मेक/रिलीज क्लिपिंग मास्क बटण दाबा. कापणाऱ्या आकाराचं नाव अधोरेखित दिसलं म्हणजे झालं. यानंतर त्या लेअरमध्ये जे टाकाल ते आपोआप कापलं जातं. वाढत जाणाऱ्या चित्रासाठी मला हीच पद्धत सर्वांत सोयीची वाटते.

दोन-तीन सुट्या आकारांनी मिळून कापायचं असेल तर आधी त्यांचा एक पाथ (रेषेने आखलेला आकार) करा: इलस्ट्रेटरमध्ये कंपाउंड पाथ, कंट्रोल+८, इंकस्केपमध्ये पाथ > युनियन. मधे भोक हवं असेल, कडं असतं तसं, तर युनियनने ते बुजतं. तिथे कंबाइन, कंट्रोल+के.

क्लिप स्ट्रोकची जाडी मोजत नाही, पाथच्या मधल्या रेषेवरच कापते. जाड रेषेच्या आकारात चित्र बसवायचं असेल तर आधी स्ट्रोकचा पाथ करून घ्या (इंकस्केपमध्ये स्ट्रोक टू पाथ, इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन स्ट्रोक).

सावली किंवा ब्लर कडेला चिरल्यासारखा तुटत असेल तर क्रम चुकला आहे. एसव्हीजीमध्ये आधी फिल्टर (सावली, ब्लर असे परिणाम) लागतो, मग क्लिप, मग मास्क. कापलेल्या वस्तूवरच सावली दिली तर क्लिप ती सावलीही कापते. कापलेली वस्तू पुन्हा एका ग्रुपमध्ये घाला आणि सावली त्या बाहेरच्या ग्रुपला द्या.

कडेला बारीक फिकी रेघ दिसते तीही सहज जाते. कापलेल्या चित्राखाली त्याच आकाराचा रंगीत तुकडा ठेवलेला असतो आणि कडेच्या अर्धवट पिक्सेलमधून त्याचा रंग डोकावतो. तो तुकडा कापणाऱ्या आकाराहून थोडा मोठा करून क्लिपच्या आत घ्या.

इलस्ट्रेटरमध्ये मास्क लावल्यावर नवीन काढलेलं काही दिसेनासं झालं, तर ट्रान्सपरन्सी पॅनलमधल्या दोन छोट्या चित्रांपैकी उजवं, म्हणजे मास्कचं, निवडलेलं राहिलं आहे. तुम्ही मास्कच्या आत काढत आहात. डाव्या चित्रावर क्लिक करा. उजव्यावर शिफ्ट धरून क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो, तपासायला हे फार उपयोगी.

आता फाइल पुढे देताना. लपवलेला भाग फाइलमध्ये जसाच्या तसा असतो. कोणीही क्लिप सोडवून तो पाहू शकतो. गोपनीय मजकूर झाकायला क्लिप किंवा मास्क कधीही वापरू नका. लेझर किंवा कटिंग प्लॉटरला दिलेल्या फाइलमध्येही हाच धोका आहे, लपलेल्या रेषाही यंत्र कापू शकतं. तिथे भाग खरोखर कापून टाका: इंकस्केपमध्ये कापणाऱ्या आकाराची प्रत वर ठेवून इंटरसेक्शन, उघड्या रेषांना कट पाथ, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं क्रॉप, पण ते स्ट्रोक काढून टाकतं, म्हणून स्ट्रोकचे पाथ आधी करून ठेवा. छपाईला पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा एक प्रकार) मागितली असेल तर त्यात पारदर्शकता चालत नाही: मऊ मास्क सपाट होऊन जातो, क्लिप मात्र तशीच राहते.