हमिंग घालवायला एफडी मोडायची का?

नमस्कार दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सेटटॉप बॉक्स, टीव्ही, डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारं मशीन), अँप्लिफायर सगळं एकमेकांना जोडलंय, स्पीकरमधून सतत हमिंग, म्हणजे घूं असा आवाज येतंय, दुकानदार म्हणतोय सगळं बॅलन्स्ड, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या केबलवर चालणारं, करून टाका, 1,80,000 लागतील, आणि तुम्ही त्यासाठी एफडी मोडायला निघालात. मोडू नका, एवढं आधीच सांगतो.

बॅलन्स्ड म्हणजे थापा नाहीत हां. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात, एकीत सुलट एकीत उलट, वाटेत नॉइज घुसला तर दोन्हीत सारखाच घुसतो आणि पुढचं मशीन दोघींतला फरक तेवढा घेतं, म्हणून नॉइज कटतो. पण हे स्टेजवर नाहीतर स्टुडिओत, जिथे 15-20 मीटर केबल ओढायची असते तिथे खरं कामाचं. तुमची आरसीए केबल, म्हणजे नेहमीची साधी, बॅलन्स्ड नसलेली, दीड मीटरची आहे!

डेमोला एक्सएलआर, म्हणजे बॅलन्स्ड केबलचं तीन पिनांचं कनेक्शन, भारी वाटलं म्हणता, तर बऱ्याच डॅकमध्ये आरसीएतून 2 व्होल्ट आणि एक्सएलआरमधून 4 व्होल्ट येतात, म्हणजे 6 डेसिबल जास्त, आणि जरा मोठा आवाज कानाला लगेच चांगला वाटतो. व्हॉल्यूम सारखा करून परत ऐकवायला लावा.

हमिंग मला तरी ग्राउंड लूपचं वाटतंय, म्हणजे जोडलेली मशीनं एकाहून जास्त वाटांनी अर्थ होतात आणि त्या चक्रात फिरणारा करंट आवाजात घुसतो. आज रात्री सेटटॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल काढून बघा, आवाज थांबला तर चोर सापडला. मग टीव्ही ते डॅक ऑप्टिकल केबल लावा, तिच्यातून वीज जातच नाही त्यामुळे लूप तिथेच तुटतो, पुण्यातल्या तपकीर गल्लीत काही शेंमध्ये मिळेल. सगळे प्लग एकाच बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापायची नाही, जिवाशी खेळ आहे तो.

आता पैशाचं. तुम्हीच लिहिलंय की घराचा हप्ता चालू आहे आणि हाताशी ही एकच एफडी आहे, म्हणजे उद्या नोकरीत काही झालं किंवा घरात आजारपण आलं तर तेवढाच आधार, आणि मुदतीआधी मोडली तर व्याजही कमी मिळणार. 7 टक्क्यांनी राहू दिली तर पाच वर्षांत हेच पैसे अडीच लाखांच्या वर जातात. क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवरही घेऊ नका, नो कॉस्ट म्हणतात तिथेही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आणि जीएसटी लागतोच.

गाणं ऐकायची हौस मारा असं मी अजिबात म्हणत नाहीये, महिन्याला 3,000 वेगळे टाका, सहा महिन्यांच्या खर्चाचा फंड पूर्ण झाला की त्यानंतर साठलेल्या पैशांतून आधी स्पीकर बदला, केबलचं नंतर बघू.